रिकामे कण, भरलेले कण : पी-१९ पेशींच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

द्रव नायट्रोजनच्या टाकीतून पी-१९ची एक कुपी काढली. ३७ अंशांच्या पाण्यात हलवत वितळवली, मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, धुतली आणि फ्लास्कमध्ये सोडली. संध्याकाळपर्यंत बऱ्याच पेशी तळाला चिकटल्या होत्या. आता दर दोन दिवसांनी पॅसेज, म्हणजे पेशी सुट्या करून थोड्या नव्या फ्लास्कमध्ये हलवणं. या पेशी भराभर वाढतात आणि एकदा गर्दी झाली की बिघडतात, त्यामुळे शनिवार-रविवारसुद्धा त्यांचाच.

पी-१९ ही उंदराच्या भ्रूणापासून वाढवलेल्या गाठीतून मिळालेली सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्पिढ्या वाढवता येणारा पेशींचा वंश, १९८२ सालापासून वापरात आहे. गाठीतली असली तरी वागते मूलपेशीसारखी. नुसती ठेवली तर स्वतःच्याच प्रती काढत राहते. गोळे करून रेटिनॉइक आम्ल दिलं तर न्यूरॉन होते, डायमिथाइल सल्फॉक्साइड म्हणजे डीएमएसओ दिलं तर हृदयाच्या स्नायूकडे वळते. मला हीच लाइन हवी होती, कारण इथे बरोबर उत्तर काय दिसतं ते आधीपासून माहीत आहे.

प्रकल्पाचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला माझ्याच हाताने लिहायला लावला: रेटिनॉइक आम्ल अब्जांश (नॅनो) कणांत भरून पेशीच्या आत नेलं, तर ती न्यूरॉन होते का? आणि झाली, तर ती त्या आम्लामुळे झाली हे मी कशावरून म्हणणार? दुसऱ्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली आहे.

१३ जून

आधी कणांशिवायचं काम. रेटिनॉइक आम्लाचा स्टॉक केला. एक मिलिलीटर डीएमएसओमध्ये ३ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर. पिवळीधमक पूड आहे. उजेडाने आणि हवेने खराब होते, म्हणून खोलीतले दिवे घालवून, नळ्यांना फॉइल गुंडाळून काम केलं. हातमोजे दुहेरी. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारा हा पदार्थ गर्भाची घडण ठरवतो, आणि म्हणूनच नको तिथे पोचला तर गर्भाला व्यंग आणतो. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात हेच औषध म्हणून देतात. एकच रेणू, पण पेशीगणिक काम वेगळं. तो कणात बांधून हव्या त्याच पेशीत सोडावा असं वाटण्यामागे हे एक कारण आहे. दुसरं म्हणजे तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

जिवाणूंसाठीच्या साध्या पेट्री डिशमध्ये पेशी सोडल्या. तिथे त्यांना चिकटायला जागा मिळत नाही, म्हणून त्या एकमेकींना धरून गोळे करतात. एका डिशला १ मायक्रोमोलर आम्ल, दुसरीला तेवढंच नुसतं डीएमएसओ.

१५ जून. गोळ्यांचा मीडिया बदलला. दोन्ही डिशमध्ये गोळे छान गोल.

१७ जून. चौथा दिवस. गोळे ट्रिप्सिन या विकराने सुटे करून, पेशी चिकटाव्यात म्हणून पॉली-लायसिन लावलेल्या काचांवर पसरले. उद्यापासून सायटोसिन अरॅबिनोसाइड, म्हणजे ज्या पेशी अजून विभागत आहेत त्या मरतील आणि न्यूरॉन मागे राहतील. हे केलं नाही तर न बदललेल्या पेशी दोन-तीन दिवसांत सगळी काच व्यापतात.

२० जून

पालख्या पुण्यात आल्या आहेत. रस्ते बंद, बसेस वळवलेल्या. चालत आले. वारकऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत लॅबमध्ये पोचायला दीड तास लागला, पण पेशींना मीडिया वेळेवर मिळाला.

२३ जून

दिसले!

सकाळी साध्या मायक्रोस्कोपखालीच कळलं. छोटी, चकाकणारी, उंचवट्यासारखी शरीरं आणि त्यांतून निघालेले बारीक, लांब तंतू. काही तंतू शेजारच्या गोळीपर्यंत पोचलेले. दुपारी रंगकाम: ४ टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइडने पेशी स्थिर केल्या, ट्रायटनने पटलाला भोकं, प्रतिपिंड नको तिथे चिकटू नये म्हणून ब्लॉकिंग, मग टज-१ प्रतिपिंड. हे प्रतिपिंड बीटा-३ ट्यूब्युलिन ओळखतं, न्यूरॉनच्या सांगाड्यातलं प्रथिन. आम्ल दिलेल्या काचेवर लाल जाळं आणि त्यात निळी केंद्रकं. नुसत्या डीएमएसओच्या काचेवर निळंच निळं, लाल जवळजवळ नाही.

हे लोक चाळीसहून जास्त वर्षं करत आले आहेत, यात माझं नवीन काही नाही. पण आपल्या हाताखाली एक पेशी मेंदूतल्या पेशीसारखी व्हायला लागते, हे पहिल्यांदा बघताना मी खूप वेळ खोलीतून उठलेच नाही.

बरोबर उत्तर कसं दिसतं ते आता माझ्याकडे आहे. फोटो छापून बेंचवर लावला.

३ जुलै

कण तयार करायला सुरुवात. २०११ साली पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या संशोधकांनी एसीएस नॅनो या नियतकालिकात जे कण मांडले, त्याच धर्तीवर जायचं ठरलं. पॉलिइथिलिनइमिन, आम्ही त्याला पीईआय म्हणतो, हा धन प्रभाराचा बहुवारिक. रेटिनॉइक आम्ल ऋण प्रभाराचं, म्हणून ते त्याला धरून बसतं. वरून डेक्स्ट्रान सल्फेट, तेही ऋण. मग झिंक सल्फेट घातलं की सगळं घट्ट होतं. त्याच गटाने २०१२ मध्ये असे कण उंदरांच्या मेंदूत, पार्श्व पोकळीच्या भिंतीतल्या मूलपेशींपर्यंत पोचवून दाखवले. आपल्याकडे प्राणी नाहीत, प्लेट आहेत.

पहिली बॅच दुधासारखी पांढरी झाली आणि अर्ध्या तासात तळाला बसली. डेक्स्ट्रान सल्फेट एकदम ओतलं होतं.

८ जुलै

तिसरी बॅच. डेक्स्ट्रान सल्फेट थेंब-थेंब, ढवळणं न थांबवता. या वेळी पाणी निळसर धुरकट राहिलं, तळाला काही नाही. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर, सरासरी व्यास २२० नॅनोमीटरच्या आसपास, प्रभार धन. समाधान झालं.

मग सहज म्हणून तेच कण सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) घातलेल्या मीडियात टाकून पुन्हा मोजले. आकार मायक्रॉनच्या पुढे गेला! सीरममधली प्रथिनं धन प्रभाराच्या कणांवर चढतात आणि त्यांना एकत्र बांधतात. म्हणजे पाण्यात मोजलेला २२०चा आकडा पेशीला कधी भेटतच नाही. पुढे कण देताना पहिले चार तास सीरम नसलेला मीडिया, मग धुऊन नेहमीचा. आज उत्सुकतेपोटी मोजलं म्हणून हे आत्ता कळलं, नाहीतर महिनाभराने कळलं असतं.

११ जुलै

कणांत आम्ल किती बसलं ते मोजलं. कण विरघळवून ३५० नॅनोमीटरच्या आसपासचं प्रकाशाचं शोषण बघितलं. एका मिलिग्रॅम कणांत साधारण ६० मायक्रोग्रॅम. हिशेब सोपा निघाला: मिलिलीटरला ५ मायक्रोग्रॅम कण दिले की त्यातलं आम्ल १ मायक्रोमोलरइतकं होतं, म्हणजे जूनमध्ये सुटं दिलं होतं तेवढंच. आता दोन्हींची तुलना करता येईल.

१८ जुलै

कण किती सोसतात ते पाहिलं. मिलिलीटरला १०० मायक्रोग्रॅमवर दुसऱ्या दिवशी प्लेटमध्ये नुसता कचरा. ५०वर निम्म्याहून जास्त पेशी गेल्या. २०वर पेशी जिवंत, पण वाढ मंद. १० आणि ५वर ठीक. पीईआय पेशीच्या पटलाला इजा करतं, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा धाक वाटायला लागला.

१ ऑगस्ट

२० मायक्रोग्रॅमच्या प्लेटमध्ये चोवीस तासांत तंतू!

गोळे केले नव्हते. पसरलेल्या पेशींनाच आम्ल भरलेले कण दिले होते, केवळ पेशी कण आत घेतात का ते बघायला. सकाळी पाहते तर बऱ्याच पेशींची शरीरं आखडून गोल झालेली आणि त्यांतून दोन-दोन, तीन-तीन लांब फाटे. काही ठिकाणी अगदी बेंचवर लावलेल्या फोटोसारखं. चार दिवसांचं काम एका दिवसात? टज-१ने रंगवलं. फिकट, पण लाल आहे. फोटो काढून लगेच मॅडमना पाठवले.

त्यांचं उत्तर रात्री साडेनऊला आलं. एकच ओळ. "रिकामे कुठे आहेत?"

रिकामे कण मी केलेच नव्हते. पीईआय, डेक्स्ट्रान, झिंक, सगळं तेच, फक्त आत आम्ल नाही, अशी बॅच पहिल्या दिवसापासून बरोबर चालवायला हवी होती. भरलेले कण जेमतेम पुरत होते आणि त्यातच माझा सगळा वेळ गेला.

७ ऑगस्ट

रिकामी बॅच तयार. आकार २१० नॅनोमीटर, प्रभार जवळपास सारखा. डीएमएसओही तेवढंच घातलं, कारण ते स्वतःच पी-१९ला दुसरीकडे वळवू शकतं आणि तो फरक मला मोजणीत नको आहे. मिलिलीटरला २० मायक्रोग्रॅम दिले.

८ ऑगस्ट

रिकाम्या कणांच्या प्लेटमध्येही तंतू आले आहेत. तेवढेच. तसेच आखडलेले गोळे आणि तसेच फाटे. टज-१ तसाच फिकट लाल. टज-१ न लावता नुसतं दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे एरवी टज-१ला धरून लाल चमकणारं, लावलेली काच पाहिली, तर तिच्यावरही तो फिकट लाल आहे. मरायला टेकलेल्या पेशी प्रतिपिंड कुठेही धरून ठेवतात.

म्हणजे १ ऑगस्टला मी न्यूरॉन नव्हे, दुखावलेल्या पेशी पाहिल्या.

दिवसभर दुसरं काही केलं नाही.

११ ऑगस्ट

मॅडमनी बोलावलं. रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "ही चूक करणारी तू पहिली नाहीस. २००० आणि २००४ सालचं हे वाच." दोन्ही निबंध घरी आणले आणि रात्री एकापाठोपाठ एक वाचले.

२००० साली न्यू जर्सीतल्या एका गटाने लिहिलं, की अस्थिमज्जेतल्या मूलपेशींना काही रसायनं दिली की त्या काही तासांतच न्यूरॉनसारख्या दिसू लागतात. गोल शरीर, लांब तंतू, प्रतिपिंडंही लागतात. आपल्याच हाडातल्या पेशींपासून मेंदूच्या पेशी! जगभरच्या लॅबमध्ये हे सुरू झालं. मग २००४ मध्ये दोन गटांनी पेशींचं सलग चित्रीकरण केलं. नवे तंतू वाढत नव्हतेच. पेशीचा सांगाडा कोसळून तिचं शरीर आक्रसत होतं आणि जिथे ती काचेला चिकटलेली होती तिथले पट्टे मागे राहत होते, तेच तंतूंसारखे दिसत होते. त्यांतल्या एका गटाने तर पेशींना साबणासारखं द्रव्य दिलं, जास्त मीठ दिलं, आम्लता टोकाला नेली, आणि तरीही तीच 'न्यूरॉन' मिळाली. काही प्रतिपिंडंसुद्धा लागली. जनुकांचं आरएनए, म्हणजे ती खरोखर चालू असल्याची खूण, मात्र त्याला दुजोरा देत नव्हतं.

मला छळणारी गोष्ट ही, की पहिल्या निबंधातले फोटो खोटे नव्हते. फोटोत जे दिसतं ते खरोखर प्लेटमध्ये होतं. माझाही फोटो खरा होता.

१४ ऑगस्ट

योजना नव्याने लिहिली. आकार हा पुरावा म्हणून बाद. आता तीन पायऱ्या.

पहिली पायरी, आम्ल केंद्रकापर्यंत पोचलं का. रेटिनॉइक आम्ल केंद्रकात आरएआर या ग्राहक प्रथिनाला धरतं, ते डीएनएवरच्या ठरावीक जागी बसलेलं असतं आणि तिथली जनुकं चालू होतात. त्यांतलं सगळ्यात आधी जागं होणारं एक म्हणजे आरएआर-बीटा, काही तासांतच. पेशीच्या ताणाला ते असं उत्तर देत नाही. तेव्हा रिकाम्या कणांनी ते वाढता कामा नये आणि भरलेल्यांनी वाढायलाच हवं.

दुसरी, पेशीने ओळख बदलली का. मूलपेशीची खूण असलेलं ऑक्ट-४ उतरतं का, अ‍ॅस्कल-१ आणि न्यूरोजेनिन-१ ही न्यूरॉन घडवणारी जनुकं चढतात का, आणि शेवटी टज-१ व मॅप-२ या न्यूरॉनच्या खुणा दिसतात का.

तिसरी, ती न्यूरॉनचं काम करते का.

मात्रा ५ मायक्रोग्रॅमच्या वर न्यायची नाही. आणि गोळे करायचे, कारण पसरलेल्या पी-१९ला आम्ल दिलं तर ती न्यूरॉनकडे नीट जातच नाही. पण तयार गोळ्याला कण दिले तर ते बाहेरच्या थरातच अडकतील. लॅबमधल्या ज्युनिअरने सुचवलं, की पेशी सुट्या असतानाच चार तास कण द्यावेत, धुवावं आणि मग गोळे करावेत. म्हणजे प्रत्येक पेशी आपला वाटा पोटात घेऊनच गोळ्यात जाईल. पुढचे चार दिवस मीडियात आम्ल अजिबात नाही. ही कल्पना त्याचीच आहे, अहवालात तसं लिहायचं.

२२ ऑगस्ट

क्यूपीसीआर, म्हणजे जनुक किती चालू आहे ते त्याच्या आरएनएवरून मोजणं. सहा तासांनंतरचं आरएनए, संदर्भाला गॅपडीएच हे सहसा न बदलणारं जनुक.

सुटं आम्ल: आरएआर-बीटा खूप वर. भरलेले कण: वर, सुट्या आम्लाहून थोडं कमी. रिकामे कण: काहीच न दिलेल्या पेशींइतकं. तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या पेशींवर तिन्ही वेळा तेच.

१ ऑगस्टसारखी उडी या वेळी मारली नाही. पण आलेख बघताना छाती भरून आली, ते लिहून ठेवते.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. शेजारच्या काकांकडे दर वर्षीप्रमाणे आरतीला. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना कंपवात (पार्किन्सन) आहे. पूर्वी उजवा हात, आता पायही अडखळतो. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या आहेत. मोदकांचं ताट मावशींनी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं.

काकांनी एप्रिलमधलं वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवलं होतं. जपानमधल्या क्योतोच्या चाचणीचं. "हे तुझंच काम ना गं? आपल्याकडे कधी?"

मी सांगितलं, की ते काम माझ्या कामापासून फार पुढे आहे. तिथे प्रौढ पेशींना मागे नेऊन मूलपेशी केल्या, त्यांच्यापासून डोपामिन बनवणाऱ्या पेशींची पूर्वावस्था वाढवली आणि ती ७ रुग्णांच्या मेंदूत, दोन्ही बाजूंना, सोडली. २ वर्षं लक्ष ठेवलं. गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, गाठ झाली नाही, आणि ज्या ६ जणांच्या हालचाली मोजल्या त्यांतल्या ४ जणांत औषधाचा असर नसतानाच्या वेळेतही सुधारणा दिसली. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता. तुलनेला वेगळा गट नव्हता.

मग त्यांनी उशीखालून एक पत्रक काढलं. मूलपेशींची इंजेक्शनं, कंपवातापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर, रक्कम लाखांत. "मुलगा म्हणतो, घेऊ या."

मी स्पष्ट सांगितलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूलपेशी रोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. "काका, तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना हे पत्रक दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका." मुलालाही तेच सांगितलं.

काका गप्प झाले. मग विचारलं, तू नक्की करतेस तरी काय? मी रिकाम्या कणांची गोष्ट सांगितली. ती त्यांना लगेच कळली. म्हणाले, "गाडीचा पार्ट बदलला आणि आवाज गेला, तर पोरं म्हणायची पार्टमुळे गेला. मी म्हणायचो, जुनाच पार्ट काढून परत बसव आणि बघ. निम्म्या वेळा नट घट्ट केल्यानेच आवाज गेलेला असायचा."

इतक्या वर्षांत कंट्रोल म्हणजे काय हे मला कोणी इतकं चांगलं सांगितलेलं नाही.

२ सप्टेंबर

मुख्य प्रयोग सुरू. सहा डिश:
काहीच नाही. सुटं आम्ल चारही दिवस. सुटं आम्ल फक्त चार तास, मग धुतलं. भरलेले कण चार तास, मग धुतले. रिकामे कण चार तास, मग धुतले. आणि सहावी: भरलेले कण चार तास नुसत्या मीडियात हलवत ठेवून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी तेवढं पेशींना. कणांतून आम्ल बाहेर गळत असेल तर ते या पाण्यात येणार.

धुताना हेपारिन. ते ऋण प्रभाराचं आहे, पेशीच्या बाहेर चिकटून राहिलेले धन प्रभाराचे कण ओढून काढतं. साध्या बफरने ते निघत नाहीत. फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग लावलेल्या कणांवर आधी तपासलं होतं: बफरने धुतल्यावर पेशीभोवती हिरवं वलय राहतं, हेपारिननंतर फक्त आतले ठिपके. हिरवा रंग कणांना दिल्यामुळे टज-१साठी लाल दुय्यम प्रतिपिंड.

६ सप्टेंबर

चौथा दिवस विसर्जनाच्या दिवशीच आला. तारखा ठरवताना माझ्या लक्षात आलं नाही. ज्युनिअर आणि मी पहाटे पाचला लॅबमध्ये. गोळे सोडवले, काचांवर पसरले, साडेआठला इनक्युबेटर बंद केला. परतताना ढोलांचा आवाज इतका होता, की हातातली रिकामी पेटी थरथरत होती.

१२ सप्टेंबर

काचा स्थिर केल्या. प्रत्येकीच्या मागे ज्युनिअरने अक्षर लिहिलं आणि यादी स्वतःच्या कपाटात ठेवली. कोणती काच कोणत्या डिशची हे मला माहीत नसताना मोजायचं, असा माझाच आग्रह होता. ऑगस्टमध्ये मला जे हवं होतं तेच मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांना पुन्हा ती सवलत नको.

मोजणीचा नियम आधीच लिहिला. टज-१ लाल, केंद्रक अखंड आणि फुटलेलं नाही, तंतू शरीराच्या दुप्पट तरी लांब. तिन्ही असतील तरच न्यूरॉन.

३ ऑक्टोबर

तीन वेळा केलेल्या प्रयोगाच्या सगळ्या काचा मोजून झाल्या. डोळे दुखतात. यादी उघडली.

काहीच न दिलेल्या: एखाद-दुसरा.
सुटं आम्ल चार दिवस: जवळजवळ निम्म्या पेशी.
सुटं आम्ल चार तास: फार थोडे.
भरलेले कण चार तास: साधारण पाचातली एक.
रिकामे कण: एखाद-दुसरा. काहीच न दिलेल्यांसारखेच.
गळलेलं पाणी: चार तासांच्या सुट्या आम्लाइतकेच, थोडे.

याचा अर्थ मी असा लावते. चार तास सुटं दिलेलं आम्ल धुतलं की जातं, आणि उरलेलं पेशी स्वतःच मोडून टाकते. कणांतलं मात्र पेशीच्या आत राहून सावकाश सुटत असावं, म्हणून चार तासांचं देणं पुढचे दिवस पुरलं. रिकाम्यांनी काही झालं नाही, तेव्हा ते पीईआयचं काम नाही. गळतीने थोडे झाले, पण एवढे नाहीत.

आणि जे कमी आहे तेही लिहिते. चार दिवस सुटं आम्ल देण्यापेक्षा माझे कण मागेच आहेत. प्लेटमध्ये न्यूरॉन हवे असतील तर कणांची गरज नाही, साधी बाटली पुरते. कणांचा उपयोग जिथे बाटली पोचत नाही तिथे, आणि तिथवर मी गेलेले नाही. शिवाय या गाठीतून आलेल्या पेशी आहेत, माणसात कधीच घालता येणार नाहीत.

मॅडमनी हा परिच्छेद वाचला आणि अहवालात जसाच्या तसा ठेवायला सांगितला.

२९ ऑक्टोबर

दिवाळीनंतर परतले तर एका फ्लास्कमध्ये बुरशी. सगळा इनक्युबेटर रिकामा केला, पुसला, पाण्याचं ताट बदललं. नव्या कुपीतून पेशी सुरू. दहा दिवस गेले.

१८ नोव्हेंबर

तिसरी पायरी. पेशींमध्ये फ्लुओ-४ हा रंग भरला. पेशीत कॅल्शियम शिरलं की तो उजळतो. न्यूरॉनच्या पटलात विद्युतदाबावर उघडणारी कॅल्शियमची दारं असतात. बाहेर पोटॅशियम वाढवलं की पटलाचा दाब बदलतो, दारं उघडतात. म्हणून ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड द्यायचं आणि बघायचं.

आधी तेवढाच थेंब साध्या बफरचा. थेंब पडल्याच्या धक्क्यानेच पेशी उजळत असतील तर कळायला हवं. काही नाही, सगळं शांत.

मग पोटॅशियम. दोन-तीन सेकंद तसंच. आणि मग एक पेशी उजळली, तिच्या शेजारची, मग डावीकडे तीन एकदम. तंतूंतूनही उजेड दिसला. हळूहळू सगळ्या मंदावल्या. आजूबाजूच्या चपट्या, न बदललेल्या पेशी तशाच अंधारात होत्या.

न बदललेल्या पी-१९च्या काचेवर तेच केलं. काही उजळलं नाही. रिकाम्या कणांच्या काचेवर जे एखाद-दुसरे न्यूरॉन होतात त्यांतला एक सापडला आणि तोही उजळला. तो आपसूक झालेला, पण खराच न्यूरॉन आहे. तोही नोंदवला.

ज्युनिअर मागे उभा होता. आम्ही दोघं काही न बोलता चित्रफीत पाच वेळा पाहिली.

२३ नोव्हेंबर

काकांकडे गेले. पत्रक न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, त्यांनीही नाहीच सांगितलं, गोळ्यांच्या वेळा थोड्या बदलून दिल्या. सकाळचा ताठरपणा कमी आहे म्हणाले. मुलगा आधी रुसला होता, आता नाही.

फोनवर चित्रफीत दाखवली. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला, तरी हलत होता, म्हणून मी खालून आधार दिला. पेशी उजळल्या तेव्हा ते पुढे झुकले. थोड्या वेळाने विचारलं, "ही भरलेल्यांची का रिकाम्यांची?"

"भरलेल्यांची."

"रिकाम्यांची दाखव."

दाखवली. ती त्यांनी पहिलीपेक्षा जास्त वेळ पाहिली.

२६ नोव्हेंबर

पुढच्या बॅचसाठी पीईआय निम्मं करून बघायचं. झिंकची मात्राही उतरवायची, तेही पेशींना सोसत नाही. रिकामी बॅच त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून, आधी. संध्याकाळी दोन्ही डीएलएसवर: रिकामे १९०, भरलेले २०५. नळ्या फॉइलमध्ये, ४ अंशांवर, वरचा कप्पा.